दर्यापूर उघडते, वऱ्हाड उघडत नाही

जून महिन्यातली संध्याकाळ होती. अकोल्याहून आईचा फोन आला. "काऊन रे, मायच्या ओव्या कुठी गेल्या? पाटी दिसते, पन आतमंदी कोनीच नाई." माय म्हणजे तिची आई, माझी आजी. तिला जाऊन आता तीसहून अधिक वर्षे झाली. तिचा आवाज मात्र अमरावतीला माझ्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाखाली ठेवलेल्या एका जुन्या संगणकात आहे, आणि तिथून तो रोज दिवेलागणीला अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरी, टीव्हीला जोडलेल्या एका छोट्या डब्यातून आईपर्यंत पोहोचतो. निदान त्या संध्याकाळपर्यंत पोहोचत असे.

साहित्याच्या अभ्यासकांसमोर डिस्क आणि सर्व्हर यांची कर्मकथा सांगणे काहीसे अप्रस्तुत वाटेल याची मला कल्पना आहे. परंतु या बिघाडाचा शोध घेता घेता मी शेवटी जिथे जाऊन पोहोचलो ते ठिकाण यंत्रशास्त्राचे नव्हते, पाठचिकित्सेचे होते. म्हणून हे धाडस.

आधी यंत्राविषयी थोडे. एका कार्यालयातून मोडीत निघालेला संगणक, त्यात लिनक्स, आणि चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क, एवढाच हा संसार. दोन डिस्क अशासाठी की जे एकीवर लिहिले जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जावे. या व्यवस्थेला आरसा म्हणतात. त्यावर एक मोफत मिळणारी प्रसारण-प्रणाली चालते. ती कप्प्याकप्प्यांतून फिरते, कोणकोणती ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती आहेत याची सूची करते, आणि घरातल्या किंवा दूरच्या पडद्यावर कोणी मागितले की ते वाजवून दाखवते. हे सारे मी पन्नाशी उलटल्यावर, चुका करत शिकलो. मराठीच्या मास्तराने या भानगडीत का पडावे, असे घरच्यांनी पुष्कळदा विचारले. उत्तर वडिलांच्या कॅसेटींत होते.

वडील शाळामास्तर. त्यांनी १९८४ साली टेपरेकॉर्डर घेतला आणि त्यानंतरची दहा-बारा वर्षे समोर येईल ते ध्वनिमुद्रित केले. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरचे कार्यक्रम, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने, घरी आलेल्या पाहुण्यांच्या गप्पा, एका मामांनी रंगवून सांगितलेली पऱ्हाटीच्या वर्षाची हकीकत, बडनेऱ्याचे एक लग्न. गाडगेबाबांचे १९५६ साली मुंबईत झालेले आणि सुदैवाने ध्वनिमुद्रित होऊन राहिलेले कीर्तन कॅसेटीवरून कॅसेटीवर उतरत आपल्याकडे घरोघर फिरले; त्याचीही एक बरीच झिजलेली प्रत त्यांत होती. आणि साठ मिनिटांच्या दोन कॅसेटी आजीच्या ओव्यांच्या.

त्या दोन कॅसेटींची हकीकत सांगायला हवी. आजीचे गाव दर्यापूरजवळचे. १९८० च्या दशकात गावात पिठाची गिरणी केव्हाच आलेली होती आणि जाते गोठ्याच्या भिंतीला टेकून पडले होते. वडिलांनी ओव्या म्हणायला सांगितल्या तेव्हा आजीने साफ नकार दिला. "जातं फिरल्याबिगर ओवी कशी येईन?" हा तिचा सवाल होता आणि तो लटका नव्हता. मग जाते धुऊन मांडले, पायलीभर ज्वारी आणली, आणि आजीने खुंट्याला हात घातल्यावर दोन घरघराटांच्या मधून पहिली ओवी आली. कॅसेटवर शब्दांपेक्षा जात्याचा आवाज मोठा आहे. या कॅसेटी संगणकात उतरवून घेताना आवाज शुद्ध करून देणारे एक साधन मी वापरून पाहिले. त्याने जाते पुसून टाकले आणि मागे जी राहिली ती कोणी एक थकलेली बाई होती, आजी नव्हती. ती शुद्ध प्रत मी काढून टाकली. ओवीचे संकलन करणाऱ्यांनी जात्याची लय लक्षात घेतली पाहिजे असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. ते खरे आहे हे मला तेव्हा कळले.

कॅसेटीवरून उतरवलेल्या आवाजाला, काटछाट न करता ठेवायचे तर, मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. साठ मिनिटांना सहाशेहून अधिक. चार टेराबाइटच्या डिस्कला हे काहीच नव्हे. प्रसारण-प्रणालीने आजीला ओळखले नाही हे ओघाने आलेच. तिच्या सूचीत कलाकाराचे नाव मी भरले नव्हते, म्हणून तिने "अज्ञात कलाकार" असे लिहिले. गाडगेबाबाही त्याच सदरात आले. ते दोघे एका पाटीखाली शेजारी बसलेले पाहून ती नोंद दुरुस्त करावी असे मला वाटले नाही.

आता मे महिन्याकडे येतो. अमरावतीचा मे म्हणजे ४४-४५ अंश. खोलीत कूलर, कूलरला वाळ्याची ताटी, आणि त्या ओल्या गार हवेच्या झोतातच माझा संगणक. थंड राहील अशी माझी समजूत. दुपारी वीज जाई, येई, पुन्हा जाई. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दोहोंपैकी एका डिस्कने वाचता न येणाऱ्या जागांची संख्या वाढत असल्याचे कळवायला सुरुवात केली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही ठेवत असते आणि ती वाचण्याची सवय मला होती, त्यामुळे हे वेळेवर लक्षात आले. मी नवी डिस्क आणली, खराब काढली, नवी बसवली, आणि जोडी पुन्हा बांधताना मूळ कोणती व प्रत कोणती हे सांगण्यात उलटापालट केली. यंत्राने माझी आज्ञा प्रामाणिकपणे पाळली. कोरी डिस्क मूळ मानून तिचे कोरेपण त्याने भरलेल्या डिस्कवर उतरवायला घेतले. ते माझ्या ध्यानात येईपर्यंत फार उशीर झाला होता. आरसा म्हणजे राखून ठेवलेली प्रत नव्हे, हे या क्षेत्रातले बाळबोध सूत्र आहे. आरशात आपली चूकही तेवढीच स्पष्ट उमटते.

सुदैवाने एक खरीखुरी प्रत होती. पुण्याला भाच्याकडे त्याच्या जुन्या मॅकवर, दर महिन्याला पाठवलेली. त्याने ती पंधरा दिवसांत तारेवरून परत पाठवली. सगळ्या फाइली मोजल्या. एकही कमी नव्हती. दोन-चार उघडून पाहिल्या, वाजत होत्या. मी निश्चिंत झालो. आणि मग तो फोन.

पुढचे अकरा दिवस मी जे केले त्याचा तपशील देत नाही, कारण तो बव्हंशी चुकीच्या दिशेने केलेला होता. पहिला संशय अकोल्याच्या जोडणीवर. माझ्याकडे ओव्या वाजत होत्या आणि आईकडे वाजत नव्हत्या, तेव्हा दोष वाटेत असणार हे उघड वाटले. बडनेऱ्याहून गाडी धरून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेलो, डबा उघडून बंद केला, नवी तार आणली. तुकडोजी महाराज वाजत होते, गाडगेबाबा वाजत होते, आजी नव्हती. परत आलो. मग फाइलींची मालकी आणि वाचण्याच्या परवानग्या तपासल्या, प्रणालीची सूची पुसून पुन्हा करवली, प्रणालीच काढून पुन्हा बसवली. आईचे फोन रोज येत. नंतर तिने विचारणे सोडून दिले, ते मला अधिक लागले. गेल्या दिवाळीनंतर लहान मामा गेले, तेव्हापासून संध्याकाळच्या त्या ओव्यांना तिच्या दिवसात काय जागा होती हे मला ठाऊक होते.

एक साधी गोष्ट मी पाहिली नव्हती. मी कप्पा उघडून त्यातली फाइल थेट वाजवत होतो. आई मात्र यादीवरून जात होती. तिला कप्प्यांत शोधाशोध करावी लागू नये म्हणून मीच काही वर्षांपूर्वी साध्या याद्या करून दिल्या होत्या, त्यांत कोणती फाइल कोणत्या कप्प्यात आहे एवढेच ओळीने लिहिलेले असते. "माय" नावाची यादी रिकामी दिसत होती. "दर्यापूर" नावाची यादी, जिच्यात गावाकडचे इतर आवाज होते, भरलेली होती. मग सगळ्या याद्या समोर घेऊन कागदावर दोन रकाने पाडले, जसे आपण हस्तलिखितांचे पाठ जुळवताना पाडतो. उघडणाऱ्या नोंदी: दर्यापूर, मोर्शी, गाडगेबाबा, खंजिरी, कार्तिकाची काकडआरती. न उघडणाऱ्या: वऱ्हाडी ओव्या, पऱ्हाटीची गोष्ट, बडनेऱ्याचे लग्न, कीर्तन दुसऱ्या दिवशीचे, आणि लक्ष्मण देशपांडे यांचे "वऱ्हाड निघालंय लंडनला". या शेवटच्या नावाने डोळे उघडले. त्यातले वऱ्हाड लग्नाचे आहे आणि बोली मराठवाड्याची. आमच्या प्रांताशी त्याचा अर्थाने काहीही संबंध नाही. म्हणजे रोग अर्थात नव्हता, अक्षरात होता. उजव्या रकान्यातल्या प्रत्येक नावात ऱ होता.

खात्री करण्यासाठी काळ्या पडद्यावर कप्प्याचे नाव स्वतः टंकले: वऱ्हाडी ओव्या. यंत्र म्हणाले, या नावाचे येथे काही नाही. आणि त्याच्या वरच्याच ओळीत, त्यानेच छापलेल्या सूचीत, वऱ्हाडी ओव्या हे नाव स्वच्छ दिसत होते.

नावांचे बाइट उलगडून पाहिल्यावर कोडे सुटले. ज्याला आपण डोळ्यांनी "वऱ्हाड" म्हणून वाचतो ते संगणकात तीन प्रकारे लिहिता येते. पहिला प्रकार ऱ हे एकच अक्षर धरून, त्याला हलन्त करून. असा शब्द अठरा बाइटांचा होतो. दुसऱ्या प्रकारात तोच ऱ फोडून साधा र आणि त्याखाली नुक्ता असा दोन चिन्हांनी लिहितात; मग शब्द एकवीस बाइटांचा. तिसरा प्रकार साधा र, हलन्त, आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह असा. तोही एकवीसचाच, पण ते एकवीस वेगळे. पडद्यावर तिन्हींचे रूप एकच. लिनक्स नावाकडे अर्थाने पाहत नाही, बाइट मोजते. तिच्या दृष्टीने हे तीन वेगळे प्रांत आहेत. मॅकची १९९८ पासूनची जुनी फाइलव्यवस्था नावे साठवताना अशी अक्षरे फोडून ठेवते. माझ्या फाइली अठरा बाइटांच्या वऱ्हाडातून पुण्याला गेल्या आणि एकवीस बाइटांच्या वऱ्हाडात परतल्या. याद्यांचा मजकूर मात्र फाइलींच्या पोटात होता. त्याला कोणी हात लावला नाही, तो अठराच राहिला. यादी ज्याला हाक मारत होती त्या नावाचे आता कोणी उरले नव्हते. आईने पहिल्याच दिवशी निदान करून ठेवले होते: पाटी आहे, आत कोणी नाही.

दर्यापूर का वाचले? कारण त्यातला र रफाराचा आहे. तो र, हलन्त आणि य असाच लिहिला जातो, त्यात फोडण्यासारखे काही नाही. दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना, ही उदाहरणे आपण व्याकरणाच्या तासाला देतो आणि पुढे जातो. दर्या म्हणताना द वर आघात येऊन तो गुरू होतो, दऱ्या म्हणताना तो लघूच राहतो. वृत्तात लिहिणाऱ्याला हा फरक चुकवता येत नाही. मराठीला हे रूप नित्य लागते. गंमत अशी की यूनिकोडच्या तक्त्यात ऱ या अक्षरापुढे टीप आहे ती द्रविड भाषांतला दंतमूलीय र देवनागरीत उतरवण्यासाठी हे अक्षर असल्याची. त्याचे अर्धे रूप आपला हा पापणीसारखा र होतो, ही टीप तिच्या खाली. म्हणजे आमच्या प्रांताचे नाव संगणकात जे लिहिले जाते ते मुळात दुसऱ्यांसाठी मांडलेल्या पाटावर बसून. याचा मला विषाद नाही. वऱ्हाडात कोण कुठून येऊन कोणाच्या पाटावर बसले याचा हिशेब मांडायचा तर फार मागे जावे लागेल.

भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने एका वाक्यात उपाय दिला: फाइलींची नावे इंग्रजी अक्षरांत ठेव, हा प्रश्न पुन्हा येणार नाही. व्यवहारात तो बरोबर आहे. जगातले बहुतेक लोक तेच करतात. पण या प्रांताचे नाव इतरांच्या सोयीने लिहिण्याची परंपरा मोठी आहे. फारसी दप्तरांत ते बरार झाले, इंग्रजांच्या दप्तरांत बेरार. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला तेव्हाच्या कागदांत बेरार, १९०३ साली मध्य प्रांताला जोडला तेव्हाही बेरार. ज्यांच्या लिपीत ऱ्ह नव्हता त्यांनी तो गाळला, यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण ज्या लिपीत तो आहे तिने स्वतःहून तो सोडून द्यावा हे मला पटेना. आणि आजीच्या ओव्यांच्या कप्प्यावर तर नाहीच नाही. भाचा हसला आणि म्हणाला, "मामा, मग तुम्ही निस्तरा."

निस्तरताना मनात सारखे रिद्धपूर येत होते. मोर्शी तालुक्यातले हे गाव, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटाने गावोगाव फिरून, चक्रधरांना पाहिलेल्या आणि ऐकलेल्या माणसांना विचारून विचारून लीळा जमवल्या. परंपरा सांगते की मूळ पोथी पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि ज्यांच्या मुखी ती होती त्यांच्याकडून ती पुन्हा लिहून काढावी लागली. म्हणूनच आपल्याला आज हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे पाठ मिळतात. इतकी वर्षे मी हे पाठभेद वर्गात एक अडचण म्हणून शिकवले: मूळ हरवले, म्हणून ही गुंतागुंत. आता वाटते की मी ते उलटे शिकवले. एकाच्या मनातले चुकले तर सर्वांच्या मनातले त्याच क्षणी चुकावे, अशी ती माणसे एकमेकांना जोडलेली नव्हती. प्रत्येक जण आपल्यापुरते वेगळे धरून बसला होता. माझ्या दोन डिस्क एकमेकींशी शब्दशः एकनिष्ठ होत्या आणि त्यामुळेच त्या दोघी एकदम रिकाम्या झाल्या. वाचवले ते पुण्याच्या प्रतीने, जिने नावे बदलली. अर्थात हे साम्य फार ताणू नये. भाच्याच्या मॅकला हिराइसा म्हणणे हे माझ्या विद्यार्थ्यांनी केले असते तर मी गुण कापले असते.

दुरुस्ती सोपी होती. फुटलेली अक्षरे पुन्हा सांधून नावे एका रूपात आणणारी साधने मिळतात. तिने शंभराहून अधिक नावे क्षणात जुळवली. तरी पाच-सहा अडून राहिली. ती तिसऱ्या प्रकारची, न दिसणाऱ्या जोडचिन्हाची होती. पूर्वी मी वापरत असलेल्या एका टंकन-साधनाची ती देणगी. यूनिकोडच्या नियमांनी पहिली दोन रूपे एकच मानली जातात, हे तिसरे मात्र वेगळे धरले जाते. ते कोणतेही साधन आपणहून सांधत नाही. ती नावे एकेक करून हातांनी लिहिली. याद्याही त्याच रूपात पुन्हा केल्या. आरसा आहे तसा ठेवला, पण आता एक डिस्क दर महिन्याला भरून अकोल्याला आईच्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवतो. ती इतर वेळी कशालाही जोडलेली नसते. कूलरची दिशाही बदलली.

यादी उघडली त्या दिवशी मी अकोल्यातच होतो. बहिणीने तेव्हा सांगितले की मधल्या अकरा दिवसांत आई संध्याकाळी स्वतःच ओव्या म्हणत असे आणि बहिणीने त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. जाते नाही, त्याऐवजी आईच्या हाताशी असलेल्या पितळी डब्याचे झाकण टेबलावर गोल फिरल्याचा आवाज आहे. दोन्ही लागोपाठ ऐकल्या. बऱ्याच ओव्या जुळतात, क्रम वेगळा आहे, तीन ओव्या आईकडे अधिक आहेत. एका ओवीत लेक दारी येतो. कॅसेटीवर त्या जागी मोठ्या मामांचे नाव आहे, आईच्या तोंडी लहान मामांचे. माझ्यातल्या मास्तराने विचारले, खरे कोणते?

"दोन्ही," आई म्हणाली. "त्या दिशी मोठा घरी आला होता, मनून मायनं त्याचं नाव घेतलं. लहाना आला असता तं लहान्याचं घेतलं असतं."

मी तिचे ध्वनिमुद्रण त्याच कप्प्यात ठेवले, आजीच्या शेजारी, अठरा बाइटांच्या नावाखाली. अमरावतीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला आणि मायचा आवाज नीट येतो का, असे विचारले.

"येते," ती म्हणाली. मागे जात्याची घरघर ऐकू येत होती. मग जरा थांबून म्हणाली, "पन त्याच्यात लहान्याचं नाव टाक नं, बापू. तुले येते ना ते?"